सगळ्यालाच ‘फेक’ म्हणू नका: खोट्या देखाव्यासाठी नेमका इंग्रजी शब्द कसा शोधायचा

एका अनुवादाच्या पानावर मी सात वेळा ‘फेक’ लिहिलं होतं. फेक हसू, फेक सही, फेक साधेपणा, फेक कारण, फेक नाव, फेक शांतता, आणि सातवं आता आठवत नाही. तपासणाऱ्या बाईंनी सातहीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘आत काय आहे?’ मला आधी काही झेपलंच नाही, आत म्हणजे कशाच्या आत? मग मूळ मराठी पान काढून बसले तर तिथे सातही ठिकाणी वेगवेगळे शब्द, ओढूनताणून हसणं, बनावट सही, साधेपणाचा आव, सांगायचं एक कारण, घेतलेलं नाव, वरवरची शांतता. म्हणजे मराठीत मला फरक बरोब्बर कळत होता आणि इंग्रजीत शिरल्या शिरल्या मी सगळं एकाच पोत्यात कोंबत होते.

तेव्हापासून जी पद्धत लागलीये ती इथे लिहून ठेवते. पद्धत म्हणजे काही शास्त्र नाही, स्वतःला विचारायचे चार प्रश्न आणि मग थोडी शोधाशोध. अनुवाद करत नसाल, नुसता मेल किंवा निबंध लिहीत असाल तरी चालते.

पहिलं काम, डिक्शनरी उघडायची नाही. आधी मराठी शब्द पक्का करायचा, आणि तो ‘खोटं’ किंवा ‘नकली’ असेल तर अजून खणायचं. आपल्याकडे या विषयाचं भांडार मोठं आहे, सोंग, ढोंग, आव, देखावा, बतावणी, मुलामा, मुखवटा, बुरखा, तोतया, भपका, बेगड, मृगजळ, आणि प्रत्येकात एक वेगळं चित्र दडलंय. आव ‘आणतात’, सोंग ‘घेतात’, मुलामा ‘देतात’, बुरखा ‘पांघरतात’, देखावा ‘करतात’. ते क्रियापदच सांगतं की नक्की काय चाललंय. झोपेचं सोंग घेतलं म्हणजे झोप नाहीये पण अंग झोपल्यासारखं ठेवलंय, म्हणजे ‘फेन’ किंवा साधं ‘प्रिटेंड’. साधेपणाचा आव आणला म्हणजे नसलेला गुण अंगावर चढवला, तिथे ‘अफेक्ट’ हे क्रियापद सुंदर बसतं, आणि तोच माणूस कायम तसाच वागत असेल तर ‘अफेक्टेशन’. तोतया म्हणजे सरळ ‘इम्पोस्टर’. मुलामा असेल तर पुढे सांगते, त्याला जरा जागा लागेल.

म्हणींचाही उपयोग होतो बरं का. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, यातली सोनुबाई कोणाला फसवत नाहीये, तिचं नाव तिला शोभत नाही एवढंच, आणि त्याला इंग्रजीत चक्क एक शब्द आहे, ‘मिसनोमर’. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणजे ‘हिपोक्रसी’. बडा घर पोकळ वासा म्हणजे ‘हॉलो’. दुरून डोंगर साजरे मध्ये तर डोंगराचा काही दोषच नाही, आपणच लांब उभे आहोत, त्यामुळे तिथे फसवणुकीचा कुठलाही शब्द वापरला की डोंगरावर आळ येतो. माझ्याकडून हे झालेलं आहे, एका निसर्गवर्णनात मी टेकडीला ‘डिसीटफुल’ म्हटलं होतं.

आता पहिला प्रश्न, तोच बाईंचा, आत काय आहे. हा मला सगळ्यात उपयोगी वाटतो म्हणून यावर जास्त लिहिते. खोट्या देखाव्याच्या मागे तीनच प्रकार सापडतात, एक तर आत वेगळंच काहीतरी आहे, किंवा आत तेच पण हलक्या प्रतीचं आहे, किंवा आत काहीच नाही.

आत वेगळंच असेल तर ‘फसाड’. उच्चार फसाड, मी कित्येक वर्षं मनात फकेड वाचत होते आणि एकदा चारचौघांत तसं म्हटलंही. शब्द फ्रेंचमधून आला आणि त्यामागे इटालियन ‘फाचा’ म्हणजे चेहरा आहे. मूळ अर्थ इमारतीचा दर्शनी भाग, आजही आर्किटेक्ट तो त्याच अर्थाने वापरतात आणि त्यात काही खोटं नसतं. माणसाबद्दल बोलताना मात्र दर्शनी भाग आणि मागचं घर यांचा मेळ नाही असा अर्थ होतो. हसरा चेहरा, मागे भीती. मुखवटा म्हणजे ‘मास्क’ याच घरातला, फक्त मास्क घसरतो आणि फसाडला तडे जातात, ते कोसळतं, किंवा माणूस ते जिवाच्या आकांताने टिकवून ठेवतो.

आत तेच पण हलकं, किंवा वरचा थर भारी आणि खालचं साधं, तर ‘व्हिनीअर’. सुतारकामातला शब्द आहे, साध्या लाकडावर किंवा प्लायवर उंची लाकडाचा कागदासारखा पातळ थर चिकटवतात तो व्हिनीअर. मी एका जुन्या कपाटाचा कोपरा उखडलेला बघितला तेव्हा हा शब्द मला खरा कळला, वर सागाच्या सुरेख रेषा आणि खाली भुसा दाबून केलेलं काहीतरी, आणि मधली कड नखाएवढीसुद्धा जाड नव्हती. म्हणून इंग्रजीत नेहमी ‘थिन व्हिनीअर’ म्हणतात आणि तो थर सभ्यतेचा, प्रतिष्ठेचा, सुसंस्कृतपणाचा असतो. आपला मुलामा याच्या सगळ्यात जवळ. पण मुलामा जर सोन्याचा असेल तर ‘गिल्डेड’ बघा. अमेरिकेतल्या 19व्या शतकाच्या शेवटच्या भागाला ‘गिल्डेड एज’ म्हणतात, ‘गोल्डन एज’ नाही, आणि सगळी टीका त्या एका फरकात आहे, वर झगमगाट आणि खाली गरिबी, भ्रष्टाचार. बेगड असेल तर ‘टिन्सल’, तोही चकचकीत पातळ पत्राच, आणि मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ठिणगी या शब्दात.

आत काहीच नसेल तर ‘शॅम’. हा शब्द माझा लाडका आहे कारण यात बाहेरचा सगळा थाट पूर्ण असतो. ‘शॅम ट्रायल’ मध्ये न्यायाधीश आहे, वकील आहे, साक्षी आहेत, निकाल मात्र आधीच ठरलाय. ‘शॅम मॅरेज’ मध्ये कागद आहेत, फोटो आहेत, संसार नाही. अशा ठिकाणी ‘फेक ट्रायल’ म्हटलं तर वाटेल की खटला झालाच नव्हता, कोणीतरी बातमी उठवली. म्हणजे अर्थच बदलला. नुसतं पोकळ म्हणायचं असेल, थाटाचा आरोप करायचा नसेल, तर ‘हॉलो’ किंवा ‘एम्प्टी’, पोकळ हसणं ‘हॉलो लाफ’, पोकळ धमकी ‘एम्प्टी थ्रेट’.

यात एक गंमत, आत कोणता प्रकार आहे हे शब्दाच्या आधीचं छोटं अव्यय सांगून टाकतं. फसाडच्या ‘बिहाइंड’ काहीतरी असतं, व्हिनीअरच्या ‘बिनीथ’ असतं, गाइजच्या, म्हणजे घेतलेल्या रूपाच्या, ‘अंडर’ असतं. हे उलटसुलट केलं की वाचणाऱ्याला कळत नाही काय चुकलं पण अडखळायला होतं. म्हणून मी शब्द पाठ करताना एकटा पाठ करत नाही, अव्ययासकट करते.

फसाडचाच एक मोठा भाऊ आहे, ‘पोटेम्किन व्हिलेज’. गोष्ट अशी सांगतात की 1787 मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन क्रिमियाच्या दौऱ्यावर निघाली तेव्हा ग्रिगोरी पोटेम्किनने नदीकाठी नुसत्या भिंती उभारून भरभराटीची खोटी गावं दाखवली. इतिहासकार म्हणतात की ही गोष्ट बरीचशी फुगवलेली आहे, म्हणजे खोट्या देखाव्याची प्रसिद्ध गोष्ट स्वतःच बऱ्यापैकी देखावा. शब्द मात्र टिकला, आणि तो वापरायचा तो सरकारी किंवा संस्थात्मक देखाव्याला, साहेब येणार म्हणून एका रात्रीत रंगवलेली भिंत वगैरे. शेजाऱ्याच्या खोट्या हसण्याला लावला तर विनोदी होतं.

दुसरा प्रश्न, कोणी मुद्दाम फसवतंय का. इथे जास्तीत जास्त लोक घसरतात. ‘डिसेप्टिव्ह’ म्हणजे फसवं, त्यात हेतू असलाच पाहिजे असं नाही, शांत दिसणारं पाणी डिसेप्टिव्ह असू शकतं. ‘डिसीटफुल’ म्हणजे कपटी, ते माणसाला किंवा त्याच्या वागण्याला. ‘मिसलीडिंग’ या दोघांच्या मधे, दिशाभूल करणारं, मुद्दाम की चुकून हे न बोलता ठेवायचं असेल तर हाच वापरा, ऑफिसच्या मेलमध्ये तर हाच, कारण ‘तुमचा आलेख मिसलीडिंग आहे’ यावर चर्चा होऊ शकते पण ‘डिसीटफुल आहे’ यावर भांडण होतं.

आणि ‘डिसेप्टिव्हली’ पासून चार हात लांब राहा. ‘डिसेप्टिव्हली शॅलो’ तलाव म्हटला तर तो दिसतो त्यापेक्षा उथळ की दिसतो उथळ पण खोल? इंग्रजी बोलणाऱ्यांचंसुद्धा यावर एकमत होत नाही. पोहायला जाणाऱ्याला हे वाक्य देऊ नये. सरळ लिहायचं, दिसतो त्यापेक्षा खोल आहे.

हेतू नाही, नुसते डोळे फसतात, तर ‘इल्युजन’. आणि त्याच्या शेजारचे ‘डिल्युजन’ आणि ‘हॅल्युसिनेशन’ यांची सरमिसळ होते म्हणून एकदा नीट बघू. म्युलर-लायर नावाचं चित्र तुम्ही बघितलं असेल, 1889 चं आहे, दोन सारख्या लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले आणि दुसरीच्या बाहेर, आणि एक रेघ लांब दिसते. पट्टी लावून मोजा, सारख्या आहेत, पट्टी काढा, परत एक लांब. कळलं तरी दिसायचं थांबत नाही, ते इल्युजन. डिल्युजन हे डोळ्यात नाही, समजुतीत असतं, समोर पुरावा ठेवला तरी माणूस मानत नाही. हॅल्युसिनेशनमध्ये समोर काहीच नसतं आणि तरी दिसतं किंवा ऐकू येतं. आता या हिशोबाने मृगजळ कुठे बसेल? पुष्कळ जण म्हणतील हॅल्युसिनेशन, वाळवंटात तहानलेल्या माणसाला भास झाला. पण ‘मिराज’ चा फोटो काढता येतो! तापलेल्या जमिनीलगतच्या हवेत प्रकाश खरोखर वळतो आणि आकाशाचा तुकडा खाली दिसतो, कॅमेऱ्यालाही दिसतो. म्हणजे मिराज हे इल्युजनच्या बाजूचं. त्यामुळे जवळ गेलं की लांब पळणाऱ्या सुखाला मिराज म्हणा, पण ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात त्याच्यासाठी हा शब्द नाही.

मुद्दाम आहे पण फसवायला नाही, असाही एक मोठा कप्पा आहे आणि तो विसरला जातो. सराव परीक्षा ‘मॉक’ असते, दुकानातला पुतळा ‘डमी’, चामड्यासारखं दिसणारं कापड ‘फो लेदर’, संग्रहालयातली प्रतिकृती ‘रेप्लिका’, फुलं ‘आर्टिफिशियल’, दात ‘फॉल्स’. इथे कोणी कोणाला फसवत नाहीये, सगळ्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी ‘बोगस’ किंवा ‘काउंटरफिट’ लिहिलं तर बिचाऱ्या दात लावणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायचा. ‘बोगस’ ला तर तो वासच आहे, अमेरिकेत हा शब्द आधी खोटी नाणी पाडायच्या यंत्राला वापरत होते.

तिसरा प्रश्न, खोटं नक्की काय आहे, वस्तू, माणूस, कारण की युक्तिवाद. वस्तूमध्ये परत फरक. नोटा, नाणी, औषधं, ब्रँडचा माल, म्हणजे अस्सल माल बाजारात आहे आणि त्याची चोरून केलेली नक्कल, तर ‘काउंटरफिट’. सही, दस्तऐवज, मृत्युपत्र, चित्र, तर ‘फोर्जरी’. फोर्जरी म्हणजे कॉपी असलीच पाहिजे असं नाही हे मला हान व्हान मेखरेनच्या किस्स्यावरून कळलं. हा डच चित्रकार, याने व्हर्मीर या 17व्या शतकातल्या चित्रकाराच्या नावाने चित्रं विकली, पण व्हर्मीरच्या असलेल्या चित्रांची नक्कल नाही केली, व्हर्मीरने कधी काढलीच नव्हती अशी नवीन चित्रं काढली. त्यातलं एक नाझी नेता गोरिंगकडे पोचलं. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये देशाचा ठेवा शत्रूला विकला म्हणून याला पकडलं, तेव्हा हा म्हणाला अहो ते खरं नव्हतंच, मीच काढलंय, आणि सिद्ध करायला साक्षीदारांसमोर अजून एक काढून दाखवलं. 1947 मध्ये फसवणुकीसाठी एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगायच्या आधीच गेला. त्याची चित्रं कॉपी नव्हती, रेप्लिका नव्हती, पण फोर्जरी होती. कारण खोटेपणा चित्रात नाही, चित्राखालच्या नावात होता.

कारण खोटं असेल तर ‘प्रिटेक्स्ट’. आपलं ‘च्या नावाखाली’ आणि ‘च्या निमित्ताने’ इथे आणून बसवायचं. सुरक्षेच्या नावाखाली पाळत ठेवली, ‘अंडर द गाइज ऑफ’. चौकशीच्या निमित्ताने घरात डोकावला, ‘ऑन द प्रिटेक्स्ट ऑफ’. पण सावध, निमित्त प्रत्येक वेळी खोटं नसतं, वाढदिवसाच्या निमित्ताने सगळे जमले तर ते ‘ऑन द ओकेजन ऑफ’, तिथे प्रिटेक्स्ट घातलं तर लोक कट करायला जमले होते असं होईल. आणि कारण तोंडाने सांगितलंय पण तुम्हाला पटलेलं नाही, पुरावा मात्र नाही, तर ‘ऑस्टेन्सिबल’. लॅटिनमध्ये मूळ अर्थ दाखवणं. ‘ऑस्टेन्सिबली सुट्टीवर गेला’ यात तुम्ही खोटं पाडलं नाही, फक्त भुवई उंचावली. ‘परपोर्टेड’ मध्ये दाव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर ढकलता येते, ‘सो-कॉल्ड’ म्हणजे तथाकथित, त्यात तुमचा कुत्सितपणा स्पष्ट दिसतो त्यामुळे जपून. ‘स्युडो’ आणि ‘क्वासी’ एक नाहीत, स्युडो म्हणजे खोटं, क्वासी म्हणजे अर्धवट तसं, अर्धन्यायिक संस्थेला क्वासी म्हणतात, तिला स्युडो म्हटलं तर अवमानच.

युक्तिवाद खोटा पण ऐकायला गोड, तर ‘स्पीशस’. हा शब्द एकदा हाताला लागला की फार कामाचा आहे. लॅटिनमध्ये अर्थ होता देखणा, आणि इंग्रजीतही सुरुवातीला देखणा असाच होता, मग हळूहळू नुसता देखणा, मग दिसायला ठीक पण आतून चुकीचा. ज्या वादात प्रत्येक पायरी बरोबर वाटते आणि शेवटी पोचल्यावर आपण भलत्याच गावात असतो तो स्पीशस. याला ‘स्पेशस’ म्हणजे ऐसपैस याच्याशी गोंधळू नका, दोन्हींत एकच अक्षर वेगळं आहे आणि स्पेलचेकर काहीही बोलत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने घराच्या जाहिरातीत खोल्या स्पीशस आहेत असं लिहिलं होतं, जे नंतर खरंच निघालं. ‘स्प्युरियस’ हा तिसरा, तो वादापेक्षा मुळाला लागतो, ज्याचा उगमच खरा नाही, संख्याशास्त्रात दोन गोष्टी बरोबर वाढतात पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो त्याला ‘स्प्युरियस कोरिलेशन’ म्हणतात.

आणि ‘मेरिट्रिशस’. दिसायला भडक आणि आत किंमत शून्य. मेरिट ऐकू येतं म्हणून कौतुकाचा शब्द समजून लोक शिफारसपत्रात घालतात, आणि गंमत अशी की मूळ खरंच एकच आहे, लॅटिनमधलं कमावणं, पण हा शब्द आला ‘मेरेट्रिक्स’ वरून म्हणजे वेश्या. गुणवान म्हणायचं असेल तर ‘मेरिटोरियस’. तुमच्या पत्रात हा शब्द असेल तर आत्ताच जाऊन बघा, मी थांबते.

माणसाबद्दल बोलायचं तर दोन क्रियापदं लक्षात ठेवायची. नसलेलं दाखवणं ‘सिम्युलेट’, असलेलं लपवणं ‘डिसिम्युलेट’. आजारी नसताना कण्हणं पहिलं, आजारी असताना हसणं दुसरं. रोजच्या इंग्रजीत दुसऱ्यासाठी ‘डिसेंबल’ किंवा सरळ ‘हाइड’ चालतं. ‘हिपोक्रिट’ हा ग्रीकमध्ये रंगभूमीवरचा नट होता, आज मात्र ज्याचं बोलणं आणि वागणं जुळत नाही तोच हिपोक्रिट, नुसता खोटं बोलणारा नव्हे. पार्टीत सगळ्यांशी गोड वागणारा हिपोक्रिट नसतो, फार तर ‘इनसिन्सिअर’. जाता जाता, ‘सिन्सिअर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘मेणाशिवाय’ वरून आला, मूर्तिकार भेगा मेणाने बुजवायचे वगैरे गोष्ट फिरते ती खरी नाही, मूळ अर्थ स्वच्छ, निर्भेळ एवढाच. भेगा बुजवण्याची गोष्ट मात्र इतकी छान आहे की ती मला सोडवत नाही, स्पीशस आहे.

चौथा प्रश्न, शेजारी कोण बसणार. शब्द एकटा बरोबर असून चालत नाही, इंग्रजीत ठरलेल्या जोड्या आहेत. नम्रता खोटी असेल तर ‘फॉल्स मॉडेस्टी’, आशा खोटी तर ‘फॉल्स होप’, हसू ओढूनताणून असेल तर ‘फोर्स्ड स्माइल’, आश्चर्य खोटं तर ‘फेन्ड सरप्राइज’, घेतलेलं नाव ‘अझ्यूम्ड नेम’, बोलायची ढब आणलेली असेल तर ‘फोनी’ किंवा ‘पुट-ऑन अ‍ॅक्सेंट’, अश्रू मगरीचे तर दोन्ही भाषांत मगरीचेच. ‘फेक’ चं स्वतःचं घर आहेच, फेक न्यूज, फेक अकाउंट, तिथून त्याला हाकलू नका.

तपासायचं कसं? मी शब्द आणि त्याच्या पुढचं नाम दोन्ही अवतरणात टाकून शोधते आणि खऱ्या लेखनात ती जोडी दिसते का बघते. मोठ्या आकड्याला भुलत नाही, वाक्यं वाचते, कारण कित्येकदा जोडी सापडते पण ती भलत्याच अर्थाने. लर्नर्स डिक्शनरी, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन कुठलीही, यांत उदाहरणं भरपूर असतात आणि त्यातूनच जोड्या कळतात. शब्दच आठवत नसेल तर वनलुकची रिव्हर्स डिक्शनरी, तिथे शब्दाऐवजी वर्णन टाइप करायचं आणि ती यादी देते. थेसॉरसबद्दल एक सांगायचंय, रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1852 मध्ये जो छापला तो अक्षरांच्या क्रमाने नव्हता, अर्थांच्या गटांनी होता, एका गटात शिरलं की सगळी भावकी भेटायची. आजचे ऑनलाइन थेसॉरस बहुतेक सगळे शब्द एका रांगेत उभे करतात जणू हवा तो उचला. ते समानार्थी नाहीत, नातेवाईक आहेत, आणि नातेवाईक एकमेकांच्या जागी नांदत नाहीत. एआयला विचारायचं तर शब्द मागू नका, दोन शब्दांतला फरक मागा आणि प्रत्येकाची तीन वाक्यं मागा, मग ती वाक्यं पडताळा.

उलट दिशेने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती 1857 ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. त्यात मराठी शब्दाला तो दोन-चार इंग्रजी शब्द देतो, आणि जरी ते जुने झाले असले तरी त्यांच्यात मराठी शब्दाची छटा पकडलेली असते. तिथले शब्द जसेच्या तसे उचलायचे नाहीत, त्यावरून एवढंच बघायचं की कोणत्या दिशेने शोधायचं.

एक सापळा सांगायचा राहिला, ‘अपॅरंट’. याचे दोन उलटे अर्थ आहेत. ‘इट बिकेम अपॅरंट’ म्हणजे स्पष्ट झालं. ‘अपॅरंट काम’ (calm) म्हणजे वरवर दिसणारी शांतता, खरी नसेलही. साधारण असं की क्रियापदानंतर आला तर स्पष्ट आणि नामाच्या आधी आला तर वरवरचा, पण ‘फॉर नो अपॅरंट रीझन’ मध्ये नामाच्या आधी असूनही स्पष्ट असाच अर्थ आहे, त्यामुळे नियम म्हणून डोक्यात घेऊ नका. ‘अपॅरंटली’ तर अजून वेगळं, ‘म्हणे’. अपॅरंटली तो आजारी आहे, म्हणजे तो आजारी आहे म्हणे. आपल्या ‘म्हणे’ ला इतका जवळचा इंग्रजी शब्द दुसरा मला सापडलेला नाही.

आता त्या पानाचं काय झालं ते. सातपैकी सहा एका तासात सुटले, फोर्स्ड, फोर्ज्ड, अफेक्टेड, ऑस्टेन्सिबल वगैरे. राहिली वरवरची शांतता. मूळ वाक्य साधं होतं, ‘घरात वरवरची शांतता होती.’ मी ‘फॉल्स काम’ लिहिलं, खोडलं, कारण कोणी फसवत नव्हतं. ‘व्हिनीअर ऑफ काम’ लिहिलं, बरं वाटलं, पण त्या साध्या वाक्यावर तो शब्द दागिन्यासारखा लटकत होता. ‘अपॅरंट काम’ बरोबर होतं पण अहवालात असतं तसं. ‘अनईझी काम’ पण बघितलं, तिथे अस्वस्थता वर येऊन बसत होती आणि गोष्टीत ती अजून कोणाला कळलेली नव्हती, दोन परिच्छेदांनंतर कपाट उघडतं तेव्हा कळते. तिसऱ्या दिवशी सगळी विशेषणं काढून टाकली आणि लिहिलं, द हाउस सीम्ड काम. ‘वॉज’ च्या जागी ‘सीम्ड’, बास. परत आलेल्या पानावर त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ नव्हती.